तीन शब्दकोश, एक व्याकरण आणि उरलेली एकच भाषा : वानिकोरो बेटाची गोष्ट

शिंपला

भाषा मरतात त्या इंग्रजीमुळे, हे वाक्य आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या मांडवापासून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे फिरत असतं. म्हणून जिथे हे गणित साफ चुकतं अशा एका बेटाबद्दल लिहितेय. तिथे दोन भाषा संपत आल्या. त्यांना गिळणारी भाषा इंग्रजी नव्हती, फ्रेंच नव्हती, सरकारी तर नव्हतीच. ती शेजारच्या किनाऱ्यावरची होती आणि तिचे स्वतःचे बोलणारेही काही शेकड्यांतच होते.

सॉलोमन बेटांच्या देशात अगदी पूर्वेला तेमोतू नावाचा प्रांत आहे. राजधानी होनियारापासून लांब, बोटींची ये-जा बेभरवशाची. त्या प्रांतात वानिकोरो. बानिये हे मोठं डोंगराळ बेट, त्याला खेटून ईशान्येला तेआनू हे धाकटं, आणि दोघांभोवती प्रवाळाचं कडं. पाऊस बेसुमार, रान दाट, हिवताप पाचवीला पुजलेला. एवढ्याशा जागेत तीन जमाती आणि तीन भाषा: ईशान्येला तेआनू, वायव्येला लोवोनो, दक्षिणेला तानेमा. तिन्ही ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या, त्यातही ओशियानिक शाखेतल्या. जुन्या याद्यांमध्ये तेआनूचं नाव तिच्या मुख्य गावावरून 'बुमा' असं, तर लोवोनोचं 'वानो' असं सापडतं.

या बेटाचं नाव युरोपात गाजलं ते भाषांमुळे नव्हे, बुडालेल्या जहाजांमुळे. फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूज मार्च १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेमधून निघाला आणि त्याच्या 'बुसोल' आणि 'अ‍ॅस्ट्रोलाब' या दोन जहाजांसकट नाहीसा झाला. जवळजवळ चाळीस वर्षं पत्ता नाही. मग पीटर डिलन नावाच्या व्यापारी कप्तानाला माग लागला आणि १८२७ मध्ये त्याने वानिकोरोच्या प्रवाळावर जहाजांचे अवशेष शोधून काढले. पाठोपाठ १८२८ मध्ये फ्रेंच आरमाराचा द्युमाँ द्युर्विल तिथे पोचला. त्याच्याबरोबर गेमार हा जहाजावरचा डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक होता. खलाशी तापाने आडवे पडत असताना या माणसाने बेटावरच्या भाषांचे शब्द वहीत उतरवून घेतले. त्या याद्या छापल्या गेल्या म्हणून आज आपल्याला कळतं की त्या काळी या भाषा आपापल्या किनाऱ्यावर जिवंत होत्या.

त्यानंतरचं शतक वाईट गेलं. बाहेरून आलेल्या रोगराईने या भागातली बेटंच्या बेटं ओस पाडली, आणि वानिकोरोवर तर हिवतापही होता. माणसं इतकी कमी झाली की जुन्या वस्त्या टिकेनात. उरलेले लोक मोजक्या गावांत एकत्र राहू लागले, एकमेकांत लग्नं करू लागले. १९२० च्या दशकात कौरी लाकडाची एक कंपनी आली, तिने १९६४ पर्यंत जंगल तोडलं आणि बाहेरचे मजूर आणले. तिकोपिया बेटावरचे पॉलिनेशियन लोक दक्षिण किनाऱ्यावर वस्ती करून राहिले, म्हणजे मुळात जिथे तानेमाचं राज्य होतं तिथेच. बेटावरच्या तिन्ही जमातींच्या वंशजांनी एकत्र आल्यावर घरात बोलायला जी भाषा धरली ती तेआनू.

२००५ मध्ये ला पेरूजच्या जहाजांचा तळ धुंडाळायला फ्रेंच मोहीम गेली तेव्हा अलेक्झांद्र फ्रांस्वा हे भाषातज्ज्ञही बेटावर गेले. पाणबुडे समुद्रात, हे गावात. त्यांना तेआनू बोलणारे साधारण पाचशे लोक सापडले. लोवोनो आणि तानेमा बोलू शकणारे मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, सगळे म्हातारे, आणि तेही रोजच्या व्यवहारात तेआनूच बोलणारे.

आता खरी गंमत. फ्रांस्वांनी तिन्ही भाषा शेजारी ठेवून पाहिल्या. शब्द बघावेत तर तिघींचे एकमेकींशी जमत नाहीत. अगदी रोजचे शब्दसुद्धा वेगळे. शेजारच्या किनाऱ्यावरचं बोलणं न शिकता कळणं अवघडच. पण वाक्यं उघडून पाहिली तर आतला सांगाडा तोच! शब्दांचा क्रम तोच, क्रियापदाला लागणारे प्रत्यय त्याच जागी आणि त्याच कामाचे, दोन-तीन क्रियापदं एकामागोमाग जोडायची रीत तीच, एका शब्दाचे जे चार अर्थ एका भाषेत, तेच चार अर्थ दुसरीतल्या त्या जागच्या शब्दाला. त्यांच्या २००९ च्या लेखाच्या मथळ्याचा सारांश मीच या धाग्याच्या नावात उचललाय: शब्दकोश तीन, व्याकरण एक.

हे होतं कसं? लहान बेट, तीन जमाती, पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक, बहुतेकांना एकाहून अधिक भाषा येतात. डोक्यात विचाराची एकच चौकट ठेवणं सोपं पडतं, तेव्हा रचना हळूहळू जुळत जातात. शब्द मात्र जुळू देत नाहीत, कारण शब्दावरून कळतं तू कुठल्या किनाऱ्याचा.

आता माझा अंदाज, तज्ज्ञांच्या नावावर खपवू नये. शब्द वेगळे ठेवायला कारण होतं तोवर तिन्ही भाषा टिकल्या. वस्त्या मोडल्या, किनारे एक झाले, आणि ते कारणच गेलं. आणि सांगाडा आधीपासून एकच असल्यामुळे तानेमा सोडून तेआनूत जाणं फारच स्वस्त पडलं. नव्याने विचार करायला शिकायचं नव्हतं, फक्त शब्द बदलायचे होते. दूरच्या भाषेत शिरायला शाळा लागते, मास्तर लागतो. शेजारणीच्या भाषेत माणूस चुलीपाशी बसल्या बसल्या जातो.

तुम्हाला काय वाटतं? आणि अशी दुसरी उदाहरणं माहीत असतील तर लिहा.

---

कडूकारलं

लेख आवडला. एक शंका. कोरकू आणि निकोबारी या भाषाही 'ऑस्ट्रो' काहीतरी कुळातल्या असतात ना? म्हणजे मेळघाटातले कोरकू आणि हे वानिकोरोवाले चुलतभाऊ?

---

शिंपला

@कडूकारलं, नाही हो. कोरकू, संथाली, मुंडारी, खासी, निकोबारी, आणि तिकडे ख्मेर, व्हिएतनामी हे ऑस्ट्रोएशियाटिक कुळ. ऑस्ट्रोनेशियन वेगळं: मलय, जावानीज, तागालोग, मादागास्करची मालागासी, माओरी, हवाइयन आणि तैवानच्या आदिवासींच्या भाषा. सुमारे बाराशे भाषा. मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसारा. ही दोन्ही कुळं मागे कुठेतरी एक होती असं मांडणारे अभ्यासक आहेत, पण ते सर्वमान्य नाही.

---

कृष्णाकाठचा

शिंपलाताई, तुम्ही एवढ्या लांब पॅसिफिकात कशाला गेलात? आमच्या सांगलीत यायचं की. कुपवाड!

आजचं कुपवाड म्हणजे एमआयडीसी आणि महापालिका. पण भाषाशास्त्राच्या जगात कुपवाड हे नाव सांगलीच्या हळदीइतकंच प्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये या गावावर निबंध लिहिला. तेव्हा वस्ती तीन हजारांच्या आसपास. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, इतरांत मराठी, थोडी तेलुगू. चारशे वर्षं शेजार. त्यांचं म्हणणं असं की गावातल्या गावात या भाषांची रचना इतकी एकसारखी झालीय की शब्दाला शब्द ठेवून वाक्य पालटता येतं. त्यांचं गाजलेलं उदाहरण: मराठीत 'पाला जरा कापून घेऊन आलो', आणि कुपवाडी उर्दूत 'पाला जरा काट के ले के आया'. कानडी वाक्यही त्याच क्रमाने, त्याच जोडणीने.

म्हणजे तुमचे 'शब्दकोश तीन, व्याकरण एक' आमच्याकडे आधीच लिहून ठेवलंय.

---

शिंपला

@कृष्णाकाठचा, मनापासून धन्यवाद, कोणीतरी कुपवाड काढणार याची वाटच बघत होते. आता मला तुमच्याकडून हवंय ते सांगते. वानिकोरोवर सांगाडा एक झाला आणि पुढे दोन भाषा गेल्या. कुपवाडात सांगाडा एक झाला (म्हणतात), तरी कानडी आणि उर्दू घरात टिकल्या. फरक कुठे पडला?

---

कृष्णाकाठचा

माझ्या मते फरक एकच. आमच्याकडे घर आणि गल्ली वेगळी राहिली. जैनांनी जैनांत, मुसलमानांनी मुसलमानांत लग्नं केली. गावच्या चावडीवर, शेतावर मराठी, कारण ती कुणा एकाच्या घरची म्हणून नव्हे तर सगळ्यांना मधली म्हणून. घरात आपापली. गम्पर्झनीही हेच कारण दिलंय. वानिकोरोवर माणसंच इतकी कमी झाली की तानेमाच्या पोराला तानेमा बायको कुठून मिळणार? घरातच दोन भाषा आल्या की मुलं एकच उचलणार.

आणखी एक. आपण 'टिकल्या' म्हणतोय ते जरा जपून. भाषावार राज्यं झाली, शाळा मराठी झाल्या, आणि कानडी घरातली पोरं आज आपसात मराठीच बोलतात, हे आम्ही रोज बघतो. डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनी कुपवाडात पुन्हा जाऊन गम्पर्झ-विल्सन यांच्या मांडणीची तपासणी केली आणि २०१६ मध्ये त्यावर लिहिलं. पहिल्या अभ्यासात जेवढं सरसकट मांडलं होतं तेवढं ते सरसकट नाही, असा एकूण सूर. तेव्हा कुपवाड म्हणजे जतन केलेला नमुना नव्हे, तिथेही पाणी वाहतंय.

---

टोकदार

नेहमीप्रमाणे विरोधी बाकावरून. तानेमाच्या लोकांना तेआनू सोयीची वाटली, त्यांनी धरली. त्यात शोक कसला? भाषा म्हणजे साधन. कुणी जबरदस्ती केली नाही असं धागाकर्तीच सांगतेय. मग 'गिळली', 'संपली' असले शब्द कशाला? आपल्या पूर्वजांनीही कधीतरी कुठलीतरी भाषा सोडली असेलच. त्यासाठी आज कोण छाती पिटतंय?

---

माधवी_त

@टोकदार, सोय या शब्दात काय काय दडवताय ते बघा जरा. रोगराईत अर्धीअधिक जमात मेली, गाव सोडावं लागलं, जंगल कंपनीने नेलं, आणि मग उरलेल्या चार घरांनी शेजाऱ्यांची भाषा धरली. याला निवड म्हणायचं असेल तर म्हणा, पण निवडीला दुसरा पर्याय लागतो.

---

टोकदार

रोगराई झाली हे वाईटच. पण ते दुःख माणसं गेल्याचं. भाषा गेल्याचं वेगळं दुःख काय? जी मुलं तेआनू बोलतात ती सुखात असतील तर?

---

शिंपला

@टोकदार, तेआनू बोलणाऱ्या मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उलट तेआनू टिकली याचाच मला आनंद आहे. सॉलोमनमध्ये पिजिन (इंग्रजीवरून घडलेली मिश्र बोली) झपाट्याने पसरतेय, आणि पाचशे माणसांची भाषा तिच्यापुढे उभी आहे हे थोडं नाही. एका अर्थी तीन तुकडे एक झाले म्हणून एक तरी वाचली.

पण भाषेबरोबर जाणारं वेगळं काय, तर ऐका. फ्रांस्वा तिथे नुसते शब्द गोळा करत नव्हते, ला पेरूजच्या जहाजांबद्दल बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काय सांगत आलेत तेही ध्वनिमुद्रित करत होते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा प्रसंग तोंडातोंडी आलेला. तो ज्या किनाऱ्यावर घडला तिथल्या लोकांची स्वतःची भाषा आज रोजच्या बोलण्यात उरलेली नाही. सांगणारे आता तो तेआनूत सांगतात. गोष्ट कळते, हरकत नाही. पण जागांची नावं, माशांची नावं, वाऱ्यांची नावं ज्या भाषेत पडली होती त्या भाषेचा माणूस उरला नाही की ती नावं नुसते आवाज होतात. कोकणातल्या खाडीच्या प्रत्येक वळणाला नाव असतं, ते सांगणारा म्हातारा गेला की नकाशावर निळी रेघ उरते, तसंच.

---

रानमेवा

मी नोकरीनिमित्त तैवानमध्ये असतो, म्हणून इथलं उदाहरण देतो. शेजारच्या भाषेनेच गिळल्याची आणखी एक जोडी: कानाकानावू आणि सारोआ (ह्लाआलुआ असंही म्हणतात). दोन्ही काओश्युंगच्या डोंगराळ भागात, एक नामासियात, दुसरी ताओयुआनमध्ये (विमानतळवालं ताओयुआन वेगळं, पर्यटकांचा नेहमी गोंधळ होतो). जपानी राजवटीत बुनून जमातीचे लोक या खोऱ्यांत मोठ्या संख्येने आले आणि मूळचे लोक आपल्याच गावात अल्पसंख्य झाले. सोयरीक झाली, घरं बुनून बोलू लागली. नंतर शाळेतून मँडरिन आली ती दोघांच्याही डोक्यावर बसली. म्हणजे आधी शेजारीण, मग सरकार.

त्यात भर म्हणजे सरकारी कागदांत हे लोक कित्येक दशकं 'त्सोऊ' या तिसऱ्याच जमातीत मोजले जात. स्वतंत्र जमाती म्हणून मान्यता २०१४ मध्ये मिळाली. तोवर अस्खलित बोलणारे मोजकेच ज्येष्ठ उरले होते. मधे २००९ च्या ऑगस्टमध्ये मोराकोट वादळाने याच डोंगरांत दरडी कोसळवल्या, वस्त्या हलवाव्या लागल्या.

पण इथे सरकार निदान काहीतरी करतंय. २०१७ मध्ये आदिवासी भाषांचा कायदा झाला. ज्या भाषा शेवटच्या घटका मोजतायत त्यांच्यासाठी गुरू-शिष्य योजना आहे: एका ज्येष्ठाकडे एक-दोन शिष्य, दोघांनाही मानधन, काम एवढंच की दिवसभर ती भाषा बोलायची. ही कल्पना मला वर्गात पाढे म्हणून घेण्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

---

कडूकारलं

भाषा शिकायला पगार! मराठीसाठी सुरू करा, पहिला अर्ज माझा.

---

समुद्रपक्षी

रायगडातून हजेरी. कृष्णाकाठच्यांनी कुपवाड आणलं, मग मी कोर्लई आणतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीज चौलमधून १७४० मध्ये गेले, पण या लोकांची पोर्तुगीज वळणाची बोली राहिली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. बोलणारे हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य आपलं! क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखं. पोर्तुगीजमध्ये असं नसतं.

आता शिंपलाताईंच्या अंदाजाला इथे लावून बघा. पावणेतीनशे वर्षं चारी बाजूंनी मराठी, सांगाडा मराठीच्या जवळ आला, तरी बोली राहिली, कारण धर्म वेगळा, लग्नं आपसात. आता मुलं मराठी शाळेत शिकतात, पोरं कामाला मुंबईला जातात, म्हणजे खरी परीक्षा आत्ता सुरू झालीय. मला वाटतं सांगाडा एक होणं हे मरणाचं कारण नाही. भिंत पडली की मग मात्र सांगाडा एक असल्यामुळे घाई होते.

---

शिंपला

@समुद्रपक्षी, शेवटचं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. हेच म्हणायचं होतं: भिंत आधी, सांगाडा नंतर.

त्याच न्यायाने बुलढाण्यातल्या जळगाव जामोदकडची निहाली घ्या. कुठल्याच कुळात न बसणारी भाषा, दोनेक हजार लोक, शब्दांतले बहुतेक कोरकू, मराठी वगैरेंकडून आलेले. तिचा मोठा दाता मराठीच्या आधी कोरकू, म्हणजे तीही शेजारीणच, आणि कोरकूला स्वतःलाच मराठी-हिंदीची धास्ती.

---

माधवी_त

एक व्याकरणाचा प्रश्न. या ओशियानिक भाषांत 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक असतो असं वाचलंय. वानिकोरोवर आहे का?

---

शिंपला

हो, आहे. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. इंग्रजी भाषातज्ज्ञांना हे समजावून सांगायला परिच्छेद लागतो, आपल्याला लागत नाही, एवढा आपला फायदा. मराठीत हा भेद द्राविडी शेजारामुळे पक्का झाला असं मानतात.

शिवाय त्यांच्या क्रियापदाला काळ नसतो. घडलेलं किंवा घडत असलेलं एका बाजूला, आणि अजून न घडलेलं, म्हणजे इच्छा, आज्ञा, उद्याचा बेत हे सगळं दुसऱ्या बाजूला. कर्त्याच्या उपसर्गातच दोन्हींचे वेगळे नमुने. आणि हा जो खटका आहे तो तिन्ही भाषांत त्याच ठिकाणी पडतो. उपसर्गांचे आवाज मात्र वेगवेगळे.

---

कृष्णाकाठचा

आम्ही-आपण वरून आठवलं, आमच्या मिरजेकडच्या मुसलमान मित्रांच्या बोलण्यात 'हम' वेगळं आणि 'अपन' वेगळं. 'अपन जाएंगे' म्हटलं की मीही त्यात. लखनौच्या पाहुण्याला हे कळत नाही. शेजाराचा परिणाम.

---

टोकदार

विरोध तूर्त मागे घेत नाही, पण एक विचारायचंय. डिलनला माग लागला असं पहिल्या पोस्टमध्ये ओझरतं लिहिलंत. कसा लागला? चाळीस वर्षं राजाच्या आरमाराला सापडलं नाही ते एका व्यापाऱ्याला?

---

शिंपला

@टोकदार, हे खास तुमच्यासाठी, कारण त्यात आपला माणूस आहे. १८१३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या 'हंटर' जहाजावरून डिलनने तिकोपिया बेटावर काही जणांना उतरवलं: बुशार्ट नावाचा एक प्रशियन, त्याची फिजीची बायको, आणि एक हिंदी खलाशी. गोरे त्याला 'जो' म्हणत. १८२६ मध्ये डिलन दुसऱ्या जहाजावरून तिकोपियाजवळून जाताना चौकशीला थांबला, तर मंडळी तिथे ठणठणीत. आणि त्या खलाशाकडे चांदीची जुनी तलवारीची मूठ! ती वानिकोरोहून आली होती, आणि हा गडी स्वतः वानिकोरोला जाऊन आला होता. त्यावरून डिलनला ला पेरूजचा संशय आला. त्याने कलकत्त्याला येऊन ईस्ट इंडिया कंपनीला पटवलं, कंपनीने 'रिसर्च' नावाचं जहाज दिलं, आणि १८२७ मध्ये शोध लागला. फ्रान्सच्या राजाने डिलनला मानसन्मान आणि पेन्शन दिलं. खलाशाचं धड नावही लोकांच्या लक्षात राहिलं नाही.

---

समुद्रपक्षी

हा खलाशी कोकणातला असेल का? आमच्याकडची कितीतरी माणसं तेव्हा गोऱ्यांच्या जहाजांवर होती.

---

शिंपला

जहाज कलकत्त्याचं होतं, म्हणून बंगालकडचा असण्याची शक्यता जास्त. कोकणावर दावा ठोकायला माझी हरकत नाही, पण पुरावा तुम्ही आणायचा.

तेरा वर्षं तिकोपियावर काढली म्हणजे तिकोपियाची भाषा त्याला येत असणारच, आणि वानिकोरोलाही जाऊन आला, तेव्हा तिथल्या भाषाही कानांवर पडल्या असणार. म्हणजे गेमारची वही उघडायच्या आधीच एका हिंदी माणसाने त्या भाषा ऐकल्या होत्या. लिहून ठेवायची सोय त्याच्याकडे नव्हती इतकंच.

---

रानमेवा

या भाषा ऐकायला मिळतात का कुठे? नुसतं वाचून चव कळत नाही.

---

शिंपला

मिळतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचा 'पँग्लॉस' नावाचा ध्वनिसंग्रह आहे, तो सगळ्यांना मोफत खुला आहे. तेआनू नावाने शोधा, गोष्टी आहेत, सोबत लिखित पाठ आणि भाषांतर. तेआनूचा शब्दकोशही फ्रांस्वांनी ऑनलाइन ठेवलाय. कानाला हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर पावसाचे आवाज फार येतात.

---

कृष्णाकाठचा

ऐकतो आज रात्री. आणि पुढच्या बाजाराला कुपवाडला जाणं आहे, आमच्या ओळखीच्या एका जैन घरातल्या आजी अजून घरात कानडीच बोलतात. त्यांना 'पाला जरा कापून घेऊन आलो' कानडीत म्हणायला सांगतो आणि रेकॉर्ड करून इथे टाकतो. नातवालाही म्हणायला लावतो, बघू त्याला येतंय का.